आधीचं चित्र

ऐतिहासिक सिनेमाचा ट्रेलर आला की आमच्या इमारतीत दोन पक्ष पडतात. वरच्या मजल्यावर इतिहासाचे निवृत्त सर राहतात. ट्रेलरमधला दांडपट्टा कसा धरलाय इथपासून मागच्या भिंतीवरच्या दिव्यापर्यंत त्यांना सगळं खटकतं. दुसऱ्या पक्षात माझा भाचा. तो पुण्यात व्हीएफएक्सच्या कामाला आहे. पन्नास घोड्यांचे पाच हजार घोडे करणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. सुटीला नाशिकला आला की रविवारी सकाळी मिसळ खायला जाताना तो सरांना मुद्दाम हाक मारतो. सर येतातही. वाद घालायला येतात की तर्रीसाठी, हे मी कधी विचारलेलं नाही.

वाद ठरलेला असतो. सर म्हणतात, एक माणूस तीस जणांना हवेत उडवतो, हा काय इतिहास झाला? भाचा म्हणतो, सर, हा फँटसी अॅक्शन सिनेमा आहे, दहावीचं पुस्तक नाही. मग राजाचं खरं नाव कशाला लावता, लावा की चंद्रसेन नाहीतर सूर्यसेन. खऱ्या नावाशिवाय तिकीट कोण काढेल, सर? इथपर्यंत आलं की दोघांचंही बरोबर असतं, म्हणून आणखी पाव मागवले जातात.

एकदा मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं, सातवाहनांच्या काळावर कोणी सिनेमा काढला तर ताटात ही लाल तर्री दाखवता यायची नाही. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आली, टोमॅटो-बटाटाही तसेच बाहेरून आलेले. सर एकदम खूश झाले. भाचा म्हणाला, "मावशी, ते कोणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही." आणि त्याचं म्हणणं खरं होतं. पडद्यावरच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची माळ टांगलेली दिसली म्हणून कोणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. मोर्चा निघतो तो दाढीवरून, नाचावरून, नायिकेच्या पोटावरून.

म्हणजे सगळ्याच चुका आपल्याला सारख्या बोचत नाहीत. कोणती बोचते आणि कोणती नाही, हे बघत गेलं की वाद कशावरून चाललाय ते कळतं. माझं मत असं झालंय की आपण सिनेमा इतिहासाशी ताडून बघतच नाही. आधी बघितलेल्या चित्राशी ताडून बघतो. ते चित्र कॅलेंडरवरचं असेल, पाठ्यपुस्तकातलं असेल, मालिकेतलं असेल. नवा सिनेमा त्याच्यावर बसला तर अचूक, नाही बसला तर विटंबना.

2025 साली संभाजी महाराजांवरचा ‘छावा’ आला. त्यात राजे लेझीम खेळताना दाखवलेत म्हणून ट्रेलरवरून एवढा गदारोळ झाला की दिग्दर्शकाने तो प्रसंग प्रदर्शनाआधीच काढून टाकला. त्याच सिनेमात राजे नुसत्या हातांनी सिंहाचा जबडा फाडतात. त्या सिंहाच्या जबड्याबद्दल आमच्या इमारतीत तरी कोणी तक्रार केली नाही, सरांनीही नाही. आता लेझीम हा आपल्या मातीतला खेळ, माणूस लेझीम खेळू शकतो. सिंहाचा जबडा फाडणं त्या मानाने अवघड. पण सिंह आपल्या मनातल्या चित्रात चपखल बसतो आणि लेझीम बसत नाही. राजाने नाचायचं की नाही हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, तो कोणाला महत्त्वाचा वाटत असेल तर वाटो. फक्त त्याला इतिहासाची अचूकता म्हणू नये. 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’तल्या ‘पिंगा’ या गाण्यावरून जो वाद पेटला त्यातही हीच सरमिसळ होती. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या नसतील, हा मुद्दा रास्त. पण ओरडा जास्त होता तो घरंदाज बाईने असं नाचावं का, यावर.

आधीच्या चित्राची ताकद किती असते याचा सगळ्यात भारी दाखला शिवाजी महाराजांच्या चित्राचा आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत महाराजांचं म्हणून जे चित्र सगळीकडे लावलं जायचं, ते भलत्याच माणसाचं होतं, एका मोगली सरदाराचं. लोक त्याच चित्राला हार घालत होते. वा. सी. बेंद्रे यांनी जुने डच कागद धुंडाळून महाराजांचं समकालीन चित्र शोधलं आणि ते 1933 साली लोकांपुढे आलं. आज जिरेटोप, ती धारदार नासिका, ती कोरीव दाढी डोळ्यांपुढे येते ती त्या शोधामुळे. पण त्याआधी एखाद्याने महाराजांवर सिनेमा काढला असता आणि खऱ्या चेहऱ्याचा नट घेतला असता, तर प्रेक्षकांनी नक्की म्हटलं असतं की हे काही आमचे महाराज दिसत नाहीत.

देवांचंही तसंच. 2023 साली ‘आदिपुरुष’ आला तेव्हा रावणाच्या केसांवरून आणि दाढीवरून, हनुमानाच्या संवादांवरून रण माजलं. संवाद खरोखरच टपोरी होते, ते निर्मात्यांनी नंतर बदललेही. पण रावण कसा दिसतो याबद्दल जो तो छातीठोक बोलत होता, तो वाल्मीकींना स्मरून नाही. तो 1987 च्या ‘रामायण’ मालिकेला स्मरून बोलत होता. त्या मालिकेतले मुकुट आणि पीतांबर आले कॅलेंडरांतून आणि कंपनी नाटकांतून, आणि कॅलेंडरांचा उगम राजा रविवर्म्याच्या छापखान्यात, जो 1894 साली सुरू झाला. म्हणजे आपण ज्याला युगायुगांचं रूप म्हणतो ते सव्वाशे-दीडशे वर्षांचं. आमच्या गोदाकाठच्या जुन्या मूर्ती बघितल्या की कळतं, दगडातल्या देवांना इतका मखमली पोशाख कधीच नव्हता.

पोशाखाचं सोडा. मला खरा रस आहे तो कोणाला कोणतं काम मिळतं यात. कारण तिथे माझं थोडं जुनं देणंघेणं आहे.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये आमच्या बाईंनी पंचवटीचा प्रवेश बसवला होता. नाशिकच्या शाळेत हा प्रवेश कुठल्याही वर्षी बसतो, सेट लावायची सुद्धा गरज नाही, सगळी पात्रं गावातलीच. राम झाला वर्गातला सगळ्यात गोरा मुलगा. त्याला वर आणखी रोझ पावडर लावली. सीता अर्थात गोरी. मी उंच होते आणि सावळी होते, त्यामुळे ऑडिशनबिडिशन काही न होता शूर्पणखा माझ्याकडे आली. आईने काळ्या परकराला लाल काठ शिवून दिला. नाकाची युक्ती चित्रकलेच्या सरांची. पुठ्ठ्याचं नाक, त्याच्या आत लाल शाईत भिजवलेला कापूस, आणि रबराने सगळं डोक्यामागे बांधलेलं. लक्ष्मणाने तलवार फिरवली की मी दोन्ही हातांनी नाक दाबायचं, शाई ओघळायची, आणि मी आरडाओरडा करत विंगेत पळायचं. शाई ओठांवर यायची, तिची कडवट चव अजून आठवते. टाळ्या मात्र सगळ्यात जास्त मला पडल्या, कारण माझा आवाज मोठा होता. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं असं म्हणवत नाही. वाईट नंतर वाटायला लागलं, पुढची दोन-तीन वर्षं मुलं हाक मारायची तेव्हा.

पण एवढ्या सगळ्यात एक गोष्ट बाईंच्या, माझ्या, आमच्या घरच्यांच्या, कोणाच्याच ध्यानात आली नाही. आम्ही दर रामनवमीला ज्या देवळात जायचो त्या देवळातला राम काळाकुळकुळीत आहे. काळारामाच्या गावात आम्ही रामाला पावडर लावत होतो.

पुढे खूप वर्षांनी सरांना हे सांगितलं, तर त्यांनी घरातून अरण्यकांड आणून पुढ्यात ठेवलं. शूर्पणखा पंचवटीत येते तो सर्ग. तिथे राम ‘इन्दीवरश्याम’ आहे, निळ्या कमळासारखा सावळा. आणि मग वाल्मीकींनी दोघांची एकेक गोष्ट समोरासमोर मांडलीय. तो सुमुख, ती दुर्मुखी. त्याचे केस सुंदर, तिचे तांबूस. त्याचा आवाज गोड, तिचा भयंकर. तो तरुण, ती म्हातारी. सगळी यादी वाचली, तिच्या कातडीच्या रंगाचा उल्लेख त्या यादीत नाही. रंग सांगितलाय तो रामाचा. म्हणजे बाईंनी वाल्मीकींना प्रमाण मानलं असतं, तर राम मी व्हायला हवं होतं! आवाज मोठा हा मुद्दा मात्र माझ्या विरोधात गेला असता, ते कबूल.

म्हणून ‘अचूकतेचा आग्रह म्हणजे जुनाट लोकांची कटकट’ असं भाचा म्हणतो ते मला सरसकट पटत नाही. पुष्कळदा मूळ मजकूर आपल्या डोक्यातल्या चित्रापेक्षा जास्त मोकळा असतो. अरुंद झालेला असतो मधला काळ.

बाहेरच्या देशांत हा वाद वेगळ्या वळणाने जातो. 2016 मध्ये ‘गॉड्स ऑफ इजिप्ट’ नावाचा अगडबंब सिनेमा आला, इजिप्तच्या देवांची मारामारी. मुख्य देव झालेले नट डेन्मार्क आणि स्कॉटलंडचे. पोस्टर बाहेर पडल्यावर एवढी टीका झाली की दिग्दर्शक आणि कंपनी या दोघांनी सिनेमा लागायच्या आधीच, नोव्हेंबर 2015 मध्ये, माफी मागितली. आता हा सिनेमा पक्षीमुखी देवांचा, त्यातले देव सोन्याच्या रक्ताचे. त्यात अचूक काय असणार? समर्थक हेच म्हणत होते. पण टीका करणाऱ्यांचा रोख अचूकतेवर नव्हताच. ज्या मुलखाची गोष्ट विकून पैसे मिळवता त्या मुलखासारखे दिसणारे लोक नोकराच्या आणि गर्दीच्या कामाला, आणि देव मात्र आपल्यातले, हे कसं, असा तो प्रश्न होता. कामाच्या वाटपाचा प्रश्न. आमच्या गॅदरिंगचाच, फक्त बजेट मोठं.

‘300’ या सिनेमाचं आणखी निराळं. ग्रीसमधली इ. स. पूर्व 480 ची थर्मोपिलीची लढाई. स्पार्टाचे सैनिक खरे तर काशाचं शिरस्त्राण, नडग्यांना पत्रे, मोठी गोल ढाल अशा जामानिम्यात लढायचे. सिनेमात त्यांना लंगोट आणि तांबडा झगा, बाकी सगळं पोट. त्यांच्यासमोरचा इराणचा सम्राट आठ-नऊ फुटी, अंगभर सोन्याच्या साखळ्या, मुंडण केलेला. इराणच्या जुन्या राजधानीतल्या, पर्सेपोलिसच्या, दगडी पटांवर इराणी सम्राट लांब दाढीचे, चुणीदार झग्यातले, फार शांत बसलेले दिसतात. 2007 मध्ये इराणने अधिकृतपणे निषेध केला. सिनेमाच्या बाजूने एक बचाव होता आणि तो मला हुशारीचा वाटतो. ही सगळी गोष्ट एक स्पार्टन सैनिक दुसऱ्या लढाईआधी आपल्या माणसांना चेव आणण्यासाठी सांगतोय. तो शत्रूला राक्षसच करणार. बचाव हुशार खरा, पण सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्याच्या डोक्यात सांगणारा राहत नाही, राक्षस राहतो. आपल्याकडच्या ऐतिहासिक सिनेमांत शत्रूच्या डोळ्यांत सुरमा घालून त्याला मांसाचे लचके तोडायला लावतात तेव्हाही हेच होतं. मला ती चूक सिंहापेक्षा मोठी वाटते. एक माणूस तीस जणांना उडवतो हे खोटं आहे हे पोराटोरांना कळतं. शत्रू माणूस नव्हताच, हे खोटं मात्र खरं म्हणून घरी नेलं जातं.

नटांच्या बाबतीत तर आपण आता भूमिका सोडून नटाच्या घरापर्यंत पोचलोय. महाराजांची भूमिका अनेक सिनेमांत चांगली वठवणाऱ्या एका नटाने 2024 मध्ये ती भूमिका यापुढे करणार नाही असं जाहीर केलं, कारण त्याच्या मुलाच्या नावावरून लोक कुटुंबाला शिव्या घालत होते. त्याच महाराष्ट्राने अमोल कोल्ह्यांना एका मालिकेत शिवाजी महाराज आणि काही वर्षांनी दुसऱ्या मालिकेत संभाजी महाराज म्हणून डोक्यावर घेतलं. बाप आणि मुलगा एकच चेहरा! कोणाला खटकलं नाही, खटकायचं कारणही नव्हतं. नट चांगला असला की प्रेक्षक फार उदार असतो.

त्या उदारपणाचा विक्रम तर आमच्या दादासाहेब फाळक्यांच्या काळातला. त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मलेला हा माणूस 1913 मध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ करायला निघाला तेव्हा तारामती व्हायला बाई मिळेना. वेश्यावस्तीतही नकार मिळाला. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात अण्णा साळुंके नावाचा आचारी सापडला. नाजूक हात, महिना पंधरा रुपयांवर तो तारामती झाला. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. एकाच सिनेमात! लोक पडद्यावर राम दिसताच पायताणं काढून ठेवत, असं सांगतात. भाच्याला हे फार आवडतं, तो याला आपल्या बाजूचा पुरावा मानतो: बघा, शंभर वर्षांपूर्वी कोणाला अडचण नव्हती. मी त्याला म्हणते, अरे, बायकांना अडचण होती ना. पुरुषाने सीता होणं ही मोकळीक नव्हती, बाईला पडद्यावर येणं शक्य नसल्याची ती सोय होती. त्याच 1913 मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

फाळक्यांची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी सुरू झाल्यानंतर 1919 मध्ये त्यांनी ‘कालिया मर्दन’ केला. कृष्ण झाली त्यांची छोटी मुलगी मंदाकिनी. या सिनेमाचे जे तुकडे शिल्लक आहेत त्यात सुरुवातीला कृष्ण दिसतच नाही. दिसते ती मुलगी, साध्या रूपात, कॅमेऱ्यासमोर राग, हसू, भीती असे एकेक भाव करून दाखवणारी. मग तिचाच कृष्ण होतो, डोळ्यांदेखत. आताचे निर्माते सुरुवातीला बारीक अक्षरांत डिस्क्लेमर टाकतात, वाचेपर्यंत गेलेला असतो. 2022 च्या ‘आरआरआर’मध्येही तो होता: अल्लुरी सीताराम राजू आणि कोमरम भीम हे दोन खरे क्रांतिकारक प्रत्यक्षात कधी भेटलेच नव्हते, सगळी मैत्री कल्पनेतली. फाळक्यांनी तेच काम चेहऱ्याने केलं. ही माझी मुलगी, आणि आता हा कृष्ण. मग डोहात नागाशी झटापट, आणि प्रेक्षकाला दोन्ही एकदम माहीत असतं, आणि तरी मजा कमी होत नाही. एवढा सच्चेपणा असेल तर घोडे उडवा, हत्ती उडवा, माझी हरकत नाही.

हत्तीवरून आठवलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथून पायऱ्या चढून वर गेलं की धाप लागलेली माणसं थेट तिसऱ्या लेण्यात सावलीला टेकतात. पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही, ही बौद्ध भिक्षूंची लेणी, हे सर तिथे चढणाऱ्या अनोळखी लोकांनाही थांबवून सांगतात. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागाखाली दगडातले धिप्पाड यक्ष तुळया खांद्यावर घेऊन अर्धे जमिनीतून वर आल्यासारखे कोरलेत, जणू सगळं लेणं तेच तोलून धरतायत. व्हरांड्यात, दाराच्या डाव्या अंगाला वर, ब्राह्मी अक्षरांतला लांबलचक लेख आहे. गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या मुलाबद्दल, गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल कोरवून घेतलेला, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. भिक्षूंना लेणं दान दिल्याची नोंद आहे खरं तर. पण आई आहे, मुलाचं कौतुक सुरू झालं की थांबत नाही. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. त्याने शक, यवन, पह्लवांचा नि:पात केला, क्षहरात या शक घराण्याचा वंश उरू दिला नाही. चेहरा उमललेल्या कमळासारखा, चाल हत्तीसारखी, दंड नागराजाच्या वेटोळ्यासारखे पुष्ट. राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रम. आणि हो, आईची मनापासून सेवा करणारा, हेही न विसरता कोरलंय.

आणि मग येते ती ओळ, जी मी भाच्याला पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा तो ओरडलाच. ज्या युद्धात वायू, गरुड, सिद्ध, यक्ष, राक्षस, विद्याधर, गंधर्व, चंद्र, सूर्य, ग्रह, नक्षत्रं सामील होती, त्या युद्धात हा राजा आपल्या श्रेष्ठ हत्तीच्या खांद्यावरून थेट आकाशात झेपावला. "मावशी, हा तर इंट्रो शॉट आहे!" आहेच. आणि गंमत अशी की याच लेखावर अर्ध्या महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास उभा आहे. त्यातली मुलखांची यादी, मूळक, अश्मक, अपरान्त, विदर्भ, सुराष्ट्र, इतिहासकार प्रमाण मानतात. क्षहरातांना हरवल्याचा दावा नुसता आईचा नाही, त्याला साक्ष आहे. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, नहपान या क्षहरात राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर त्याचा डोंगर आणि त्याचं चिन्ह. जुनं चित्र खाली तसंच, वर नवं.

तेव्हा एकाच लेखात अचूक मजकूर आणि फँटसी शेजारी शेजारी बसलेत आणि दोन हजार वर्षं त्यांचं भांडण झालेलं नाही. सर म्हणतात, त्या काळच्या वाचकाला कोणती ओळ कशी वाचायची ते ठाऊक होतं. हत्तीवरून उडी हा अलंकार, गावाचं दान हा व्यवहार. मला ते पटतं. आपल्याला अलंकार आणि व्यवहार यातला फरक कळेनासा झालाय आणि त्याचा राग आपण सिनेमावर काढतो. सिनेमावालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. त्यांना दोन्ही हवं असतं: प्रसिद्धीला ‘सत्यकथा’, आणि चूक दाखवली की ‘कल्पनाविलास’.

या राजावर 2017 मध्ये तेलुगूत सिनेमा झाला. राजा झाले नंदमुरी बालकृष्ण, बलश्री झाल्या हेमा मालिनी. आमच्याकडे काही जणांची भुवई उंचावली, पैठणचा राजा तेलुगू कसा? तिकडच्यांना तो त्यांचा वाटतो, कारण त्यांच्याही मातीत सातवाहनांची नाणी निघतात. बलश्रीच्या यादीत आजच्या सीमा नाहीत, कोणाच्याच नाहीत. माझं म्हणणं एवढंच होतं की तो राजा आमच्या डोंगरावर दोन हजार वर्षं बसलाय, आम्ही त्याच्यावर मराठीत एक नीट सिनेमा का काढला नाही? यावर सर आणि भाचा दोघंही गप्प बसले. पहिल्यांदाच.

भाच्याने मग आम्हाला दोघांना कोंडीत पकडलं. म्हणाला, बाकीच्यांना नावं ठेवता, तुम्हाला नाशिकवर सिनेमा काढायला दिला तर काय काढाल? सरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं: रामशेज. नाशिकहून दिंडोरीच्या बाजूला तासाभराच्या आतला छोटासा किल्ला, उंचीने काही सह्याद्रीतला फार मोठा नाही. 1682 मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला. पाच वर्षांहून जास्त काळ तो हाती लागला नाही. औरंगजेबाच्या बाजूच्या खाफीखान या इतिहासकाराने स्वतः लिहून ठेवलंय की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या, तर आतल्या लोकांनी लाकडाच्या तोफा केल्या, त्या कातड्याने मढवल्या, आणि एकेक तोफ दहा तोफांचं काम करायची. मोगलांनी किल्ल्याएवढा उंच लाकडी दमदमा, म्हणजे तोफा चढवायचा बुरूज, उभारला, तोही उपयोगी पडला नाही. एकीकडे मुद्दाम गोंधळ घालून दुसरीकडून दोर लावून चढायचा डाव केला, वर माणसं आधीच दबा धरून बसलेली.

"आणि मांत्रिक!" भाचा म्हणाला. त्याला ती गोष्ट पाठ आहे. सगळे उपाय थकल्यावर मोगल सरदाराला कोणी तरी सांगितलं की आपल्या तळावर एक भुताखेतांवर हुकमत असलेला माणूस आहे. त्याने शंभर तोळे सोन्याचा नाग करवून मागितला. नाग हातात धरून तो पुढे, फौज मागे. किल्ल्याजवळ पोचतायत तोच वरून गोफणीचा दगड आला, मांत्रिकाच्या छातीवर बसला, नाग उडाला आणि मांत्रिक आडवा. शेवटी किल्ला घेतला तो पैसे चारून.

आता हे खाफीखानाचं वाक्य आहे, कोणा पटकथाकाराचं नाही. सर म्हणाले, तो नाग घेऊ नका, लोक हसतील, म्हणतील काहीतरी दाखवतात. लाकडी तोफा घ्या, दमदमा घ्या, पाणी आणि धान्य कसं पुरवलं ते दाखवा. भाचा म्हणाला, नाग घ्यायचाच, आणि तो मी करतो, चाळीस फुटी, डोळ्यांतून ठिणग्या, दोन महिन्यांचं काम. मी म्हटलं, नाग घ्यायचा, पण तो हलता कामा नये. हातभर सोन्याची वस्तू, सोनाराने केलेली, खवले जरा ओबडधोबड. हजारो माणसं आपला जीव त्याच्या मागे चालवतायत आणि तो नुसता धातू आहे. शेजारी उभ्या शिपायाला तो कसा दिसतो ते त्याच्या चेहऱ्यावर दाखवा, ते काम नटाचं.

मग वाद नागावरून नटावर घसरला. भाच्याला मांत्रिकासाठी कोणीतरी दक्षिणेतला धिप्पाड खलनायक हवा, सुरमा, जटा, सगळं. मी म्हटलं, मांत्रिक साधा दिसायला हवा, बँकेत मॅनेजर वाटेल असा, नाहीतर सरदार त्याच्यावर विश्वास कसा ठेवेल? सर म्हणाले, किल्लेदार म्हातारा दाखवा, खाफीखान त्याला अनुभवी जुना माणूस म्हणतो, तर तिथे पंचवीस वर्षांचा पोटावर चौकटी असलेला पोरगा नको. आणि गोफण मारणारी, मी विचारलं. भाचा म्हणाला, मारणारी कशाला, मारणारा. खाफीखानाने दगड मारणाऱ्याचं काही सांगितलंय का, असं मी सरांना विचारलं. सरांनी पावाचा तुकडा तर्रीत बुडवला आणि म्हणाले, नाही, दगड आला एवढंच लिहिलंय.

"मग उंच, सावळी आणि मोठ्या आवाजाची घ्या," मी म्हटलं. भाच्याने वहीत लिहून घेतलं. सर म्हणाले ते चालेल, पण तिच्या हातात गोफण नीट धरलेली पाहिजे, नाहीतर त्यांना पुन्हा पत्र लिहावं लागेल.